बहात्तरावा माणूस

चौथ्या फेरीत नऊ नंबरच्या टेबलावर प्रज्योत हुपरीकरने चुकून एकाऐवजी दोन पानं उचलली आणि त्याच क्षणी हॉलमध्ये एक माणूस वाढला.

उकिडव्यांना ते लगेच कळलं. चौतीस वर्षं त्यांनी वाचनालयात काढली होती. भरलेल्या फळीत कुणी आणखी एक पुस्तक कोंबलं की बाकीची पुस्तकं जशी किंचित आक्रसतात, तसं हॉलमधल्या प्रत्येकाने खांदे आत घेतले. कुणी मान वर केली नाही. कुणाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. फक्त हवा थोडी कमी झाली.

ते मिरज रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय होतं आणि तिथे 'अष्टदिशा'ची स्पर्धा भरली होती. अष्टदिशा हा पत्त्यांचा खेळ आहे, पण त्यात राजा, राणी, गुलाम नसतात. प्रत्येकाने पानं जमवायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि स्वतःची साठ पानांची गड्डी बांधून आणायची. पानांवर किल्ले असतात, वादळं असतात, पक्षी आणि सरदार असतात. पाठ मात्र सगळ्यांची सारखी, गडद निळी, मधोमध आठ टोकांची चांदणी. आपली पाळी आली की गड्डीवरून पान उचलायचं. एकच.

उकिडवे हा खेळ कधी खेळले नव्हते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी वाचनालयात कुणीतरी त्याची नियमपुस्तिका विसरून गेलं होतं. पडलेलं पुस्तक वाचायचं, या सवयीने त्यांनी ती वाचली आणि तिच्या प्रेमातच पडले. अनवधानाने झालेल्या चुकांवर तिच्यात एक आख्खं प्रकरण होतं. ‘चूक करणारा खेळाडू प्रामाणिक आहे असे पंचाने धरून चालावे,’ हे त्यातलं पहिलं वाक्य. इतकं दयाळू वाक्य आपण कुठल्याच नियमात वाचलं नाही, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पंचांची परीक्षा दिली. पास झाल्यावर तपासणाऱ्याची काही गफलत झाली असावी अशी शंका त्यांना बरेच दिवस येत राहिली. आता महिन्यातून एखाद्या रविवारी ते काळा टी-शर्ट सदऱ्यावरून चढवून पंच म्हणून उभे राहत आणि शक्यतो कुणाच्या नजरेत येत नसत.

त्या दिवशी ते नऊ नंबरच्या टेबलामागेच उभे होते. पानांवर प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याला सगळे स्लीव्ह म्हणतात. हाताला घाम असला की दोन स्लीव्ह एकमेकांना चिकटतात. प्रज्योतच्या अंगठ्याखाली एक कड दिसायला हवी होती, तिथे दोन दिसल्या. अशा वेळी पंचाने तत्काळ थांबवायचं असतं. उकिडव्यांनी आधी चष्मा सारखा केला. आपल्याला नीट दिसलं का, ही सावली तर नसेल, एवढ्या लोकांत आपण उगाच ओरडलो तर, असं त्यांच्या मनात आलं. ते एक श्वासभर चाललं. तेवढ्या वेळात ती पानं हातातल्या बाकीच्या पानांत मिसळून गेली.

“थांबा,” उकिडवे म्हणाले. पण त्याच वेळी समोरच्या मुलीने हात वर करून सबंध हॉलला ऐकू जाईल अशी पंचांना हाक मारली. तिचं नाव फरहाना मुजावर. मिरजेला दातांच्या कॉलेजात शिकत होती.

“अगंबाई, तुम्ही इथंच आहात की सर,” मागे बघत ती म्हणाली. “मी आपली उगाच घसा फाडला.”

प्रज्योतने आपली पानं टेबलावर उपडी ठेवून मोजली. पाच हवी होती, सहा होती. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

“सर, चिकटलं होतं बघा. आईशप्पथ, मुद्दाम नाही.”

“माहीत आहे,” उकिडवे म्हणाले. पुढचं त्यांना पाठ होतं. जास्तीचं पान कोणतं ते ओळखता येत असेल तर तेच परत ठेवायचं. ओळखता येत नसेल तर समोरच्याने हात उघडून पाहायचा आणि त्याला हवं ते एक पान निवडायचं. ते गड्डीत मिसळायचं, पिसायचं आणि चूक करणाऱ्याला ताकीद द्यायची. समोरचा अर्थातच सगळ्यात कामाचं पान निवडतो. फरहानाने वादळ निवडलं. प्रज्योतने ‘काय राव’ एवढंच म्हणून ते गड्डीत घातलं आणि पिसलं. उकिडव्यांनी कागदावर ताकीद लिहिली.

टेबल दुरुस्त झालं. हॉल झाला नाही.

मुख्य पंच नीलाक्षी ताम्हनकर तोपर्यंत तिथे आली होती. तिशीच्या आतली, कोल्हापूरच्या एका कारखान्यात यंत्रांची तपासणी करणारी इंजिनियर. तिने फेरीचं घड्याळ आधीच थांबवलं होतं. चूक दुरुस्त होईपर्यंत ते थांबवायचंच असतं.

“तुम्हालाही जाणवलं?” तिने हळू आवाजात विचारलं. उकिडव्यांनी मान हलवली.

तिने स्वतःपासून सुरुवात करून माणसं मोजली. सकाळी दारात एकाहत्तर जणांची नोंद झाली होती. चौसष्ट खेळाडू, दोन पंच, तिघं आयोजक आणि चहावाले दोघं. आता बहात्तर होते. नोंदवही आणली तर तिच्यातही बहात्तर नावं होती, सरळ ओळीत, एकाच शाईत, कुठे दाटीवाटी नाही. प्रत्येक नावापुढे सही होती. प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखत होता. इस्लामपूरचे लोक एकमेकांबरोबर आले होते, जतवाल्यांना जतवाले माहीत होते, आणि एकट्याने आलेल्यांशी सकाळपासून कुणी ना कुणी बोललेलं होतं.

“सगळे खरे आहेत,” ताम्हनकर म्हणाली.

“जास्तीचं पानही खरंच असतं, मॅडम,” उकिडवे म्हणाले. “ते त्याच गड्डीतलं असतं.” आपण फार बोललो असं वाटून ते गप्प झाले.

मोजणी संपली तेव्हा स्टेजकडची भिंत एका टेबलाएवढी पुढे आलेली होती. सकाळी टेबलांच्या आठ-आठच्या चार ओळी होत्या. टेबलं अजून बत्तीसच होती, पण ओळी तीन झाल्या होत्या. लोकांनी कोपर अंगाशी धरले आणि खेळ थांबला आहे तर चहा तरी द्या, असं कुणीतरी म्हणालं. चहा आला. त्याची वाफ कपातून वर निघाली आणि वरच राहिली.

प्रज्योत मध्येच उठला. आई बाहेर गाडीत बसलीय, तिला उशीर होईल एवढं सांगून येतो, म्हणाला. तो डाव्या दाराने बाहेर पडला आणि उजव्या दाराने आत आला. त्याने परत एकदा करून पाहिलं. मग तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. उकिडवे त्याच्या शेजारी गेले. खाली आवारात पांढऱ्या गाडीत एक बाई बसली होती. तिने थर्मासचं झाकण तोंडापाशी नेलं होतं. झाकण कललं होतं, त्यातला चहा काठावर आला होता आणि तिथेच थांबला होता. रस्त्यावर एक मोटरसायकल वळणावर तिरकी होऊन उभी होती.

“घड्याळ थांबवलंय ना,” प्रज्योत म्हणाला. “तिला काय कळणार नाही मग. बरंच आहे.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, तुम्ही मला ओळखलं नाही. मी सहावीत असल्यापासून तुमच्या वाचनालयात यायचो. दोनच पुस्तकं न्यायची असायची. तुम्ही तिसरं न्यायला द्यायचा. बघून न बघितल्यासारखं करायचा.”

उकिडव्यांना तो आठवला नाही. पण तिसरं पुस्तक आठवलं. असं ते बऱ्याच जणांच्या बाबतीत करत.

ताम्हनकरने त्यांना वधूपक्षाच्या खोलीत बोलावलं. पंचांचं सामान तिथेच ठेवलेलं होतं. आरशाच्या कडेला मागच्या लग्नातल्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. तिने दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि कागद पुढे घेतला. चूक झाली की पंच खेळाडूला टेबलापासून बाजूला नेतो आणि काही साधे प्रश्न विचारतो. त्यातला महत्त्वाचा एकच असतो. उकिडव्यांनी आजवर तो कित्येकांना विचारला होता, आणि विचारताना दर वेळी स्वतःच ओशाळले होते.

“प्रज्योतने दोन पानं उचलली तेव्हा तुम्ही पाहत होता?”

“हो.”

“दोन आहेत हे तुम्हाला दिसलं?”

“वाटलं.”

“मग थांबवलं का नाही?”

“थांबवलं. थोडं उशिरा.”

“उशीर मुद्दाम केलात की अनवधानाने झाला?”

उकिडव्यांनी त्या श्वासात परत जाऊन पाहायचा प्रयत्न केला. तिथे चष्मा होता. सावली होती. मुलाचा थरथरणारा अंगठा होता. आणि त्या सगळ्याखाली आणखी काही होतं का, जाऊ दे एवढं एक, असं कुणी म्हटलं होतं का? त्यांना फक्त आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू आला.

“मला नक्की नाही सांगता येत, मॅडम.”

ताम्हनकरने त्यांच्याकडे पाहिलं. ती कडक होती, पण वाईट नव्हती. तिने कागदावर ‘अनवधानाने’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मग तिने नियमपुस्तिका उघडली. उकिडव्यांना तिची एकशे बेचाळीस पानं तोंडपाठ होती. तिने उघडलं ते पान त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. वाचताना आपल्या हातून निसटलं असेल, असंच त्यांच्या मनात आलं, आणि एवढी वर्षं आपण अर्धवट माहितीवर निर्णय देत आलो याची त्यांना लाज वाटली.

तिने वाचून दाखवलं. “हात म्हणजे खेळाडूच्या ताब्यातील पाने. सभागृह म्हणजे पंचाच्या ताब्यातील माणसे. पंचाच्या विलंबामुळे सभागृहात एक माणूस जास्त झाल्यास व तो ओळखता येत नसल्यास, ज्याच्यासमोर मूळ चूक घडली त्या खेळाडूने सभागृह पाहून कोणत्याही एकाची निवड करावी. निवडलेला माणूस गड्डीत मिसळावा.”

“कुठल्या गड्डीत?” उकिडव्यांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी भोजनगृहाचं शटर वर करत होतं. तो खडखडाट बराच वेळ चालला.

ती दोघं बाहेर आली तेव्हा हॉलमध्ये टेबलांच्या दोनच ओळी उरल्या होत्या. लोक टेबलांच्या मधल्या फटीत आडवे होऊन उभे होते, आणि तरीही आपापल्या कपातला चहा जपत होते. हॉलच्या कडेला भोजनगृह होतं, त्याचं शटर पूर्ण वर गेलं होतं. आत दिवे नव्हते. जाजमावर पंगतीला बसतात तशी माणसं बसली होती, ओळीमागे ओळ, इकडे पाठ करून. शेवटची ओळ कुठे होती ते दिसत नव्हतं. बाया किती, बाप्ये किती ते समजत नव्हतं, कारण सगळ्यांच्या पाठी एकसारख्या होत्या, गडद निळ्या, मधोमध आठ टोकांची चांदणी. कुणी बोलत नव्हतं. कुणी हलत नव्हतं. त्यांच्यात कुठे जागाही नव्हती. ती माणसं दुःखी दिसत होती असं म्हणता आलं नसतं. ती वाट पाहत होती, एवढंच.

“एवढे सगळे कधी उचलायचे?” आयोजकांपैकी एक जण म्हणाला.

ताम्हनकरने फरहानाला बोलावलं आणि काय करायचं ते समजावून सांगितलं. सांगताना तिचा आवाज सरळ होता. ठरलेल्या क्रमाने, एकेक पायरी, जशी ती नव्या खेळाडूला पाळीचा क्रम सांगायची. फरहानाने सगळं ऐकून घेतलं. निवडलेला माणूस पुन्हा कधी येणार, असं तिने विचारलं. तो उचलला जाईल तेव्हा, असं ताम्हनकरने सांगितलं. कधी उचलला जाईल, ते पुस्तिकेत नव्हतं.

मग सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून रांग केली आणि फरहाना त्या रांगेपुढून चालू लागली. ती प्रत्येकाचा चेहरा पाहत होती. समोरचा सगळ्यात कामाचं पान निवडतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे एकेक जण आपण कसे बिनकामाचे आहोत ते दाखवू लागला. विट्याच्या एका दांडग्या मुलाने खांदे पाडले. एका आयोजकाने घाईघाईने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं. चहावाल्याने हातातली किटली पाठीमागे लपवली. उकिडव्यांना या सगळ्यांची फार कीव आली, आणि आपण यांच्यासारखे अंग चोरण्यात आयुष्यभर किती तरबेज होतो हेही त्यांना दिसलं.

प्रज्योतपाशी फरहाना थांबली.

“मला नको हां घालू त्यात,” तो म्हणाला. “माझं वादळ घेतलंस ना? झालं की. मम्मी बसलीय गाडीत.”

“तुझ्या एकट्याचीच मम्मी आहे व्हय?”

“तसं नाही गं. पण चूक माझी, म्हणून मलाच घालतील सगळे, असं वाटतंय.”

“गप बस. मी तुला घालत नाही.”

ती पुढे गेली. रांगेच्या टोकाला जाऊन परत आली. तेवढ्यात भिंत आणखी एक पाऊल पुढे आली आणि रांगेतल्या माणसांची तोंडं तिच्या तोंडाजवळ आली. ती दुसऱ्यांदा गेली. परत येऊन ताम्हनकरसमोर उभी राहिली.

“माझ्याच्यानं होत नाही, मॅडम. मला दुधाचा दात काढतानासुद्धा दोनदा विचार करावा लागतो.”

“निवड करावीच लागेल,” ताम्हनकर म्हणाली. “नाहीतर घड्याळ सुरू करता येणार नाही.”

“आणि नाही केलं सुरू तर?”

ताम्हनकरने भिंतीकडे पाहिलं. फरहानानेही पाहिलं. खिडकी आता अर्धीच उरली होती आणि पांढऱ्या गाडीचं फक्त पुढचं चाक दिसत होतं.

“मीपण रांगेतलीच धरायची का?” फरहानाने विचारलं. “म्हणजे मीपण बहात्तरातली आहे ना?”

ताम्हनकरने पुस्तिका चाळली. तिने ते पान दोनदा वाचलं. मनाई कुठेच नव्हती.

“आहेस.”

“मग मी मला निवडते.” असं म्हणून तिने कानातले डूल काढायला सुरुवात केली. ते मैत्रिणीचे होते, परत द्यायचे होते. एक निघाला. दुसऱ्याची फिरकी काही केल्या निघेना. प्रज्योत तिच्याजवळ गेला आणि ‘अगं वेडी आहेस का, थांब, थांब की,’ असं काहीतरी पुटपुटत राहिला, पण डूल धरून उभं राहायला त्याने हात पुढे केला. रांगेतल्या सत्तर माणसांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या सुटलेल्या श्वासाने हॉल गरम झाला.

उकिडवे ते पाहत होते. कुणाचंही काही चुकत नव्हतं. मुलीने नियमाने निवड केली होती. मुख्य पंचाने नियमाने ती मान्य केली होती. सगळ्या हॉलमध्ये फक्त एका श्वासाचा हिशेब राहिला होता आणि तो त्यांचा होता.

ते रांगेतून पुढे आले.

“मॅडम, तो कागद जरा दाखवता?”

ताम्हनकरने कागद पुढे केला.

“इथे अनवधानाने लिहिलंय. ते कापा. मुद्दाम असं लिहा.”

डूल अर्धवट काढलेली फरहाना थांबली.

मुद्दाम केलेली चूक दुरुस्त करायची नसते. तिथे निवड नसते, पिसणं नसतं. ज्याने ती केली त्याला खेळातून बाहेर काढतात आणि बाकीचं होतं तिथून पुढे चालू होतं. हे ताम्हनकरला सांगायची गरज नव्हती.

“सर, मघाशी तुम्ही म्हणालात की नक्की सांगता येत नाही.”

“आता येतं.”

“काय येतं?”

“मला दोन पानं दिसली. स्वच्छ दिसली. मुलाचा हात कापत होता. मला वाटलं, नेऊ दे. म्हणून मी गप्प राहिलो.” इतकी सलग आणि कसलीही पुस्ती न जोडलेली वाक्यं उकिडव्यांनी पूर्वी कधी उच्चारली असतील तर त्यांना ती आठवत नव्हती. बोलताना ती खरी वाटत होती. बोलून झाल्यावर त्यांना पुन्हा खात्री राहिली नाही.

“हे खरं आहे?” ताम्हनकरने विचारलं. “की तिला वाचवायला म्हणताय?”

“पंचाशी खोटं बोलणाऱ्याला काय शिक्षा आहे, मॅडम?”

ताम्हनकरने पुस्तिका मिटली.

“तीच.”

“मग लिहा.”

तिने लिहिलं. एक शब्द कापला आणि त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिला. पेन कागदावरून उचलल्यावर भिंत थांबली, मागे मात्र गेली नाही. प्रज्योतने ‘सर’ म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. पण आपण नक्की कशाबद्दल आभार मानायचे की कशाबद्दल रागवायचं, हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नसावं. तो तिथेच उभा राहिला. उकिडव्यांनी काळा टी-शर्ट डोक्यावरून काढला. चष्मा त्यात अडकला, तो सोडवायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी टी-शर्टची व्यवस्थित घडी घातली आणि ताम्हनकरच्या हातात दिली.

“बाहेर कुठून जायचं?” त्यांनी विचारलं. डाव्या दाराने गेलं की उजव्याने परत येतो हे त्यांनी पाहिलं होतं.

ताम्हनकरने भोजनगृहाकडे पाहिलं. दुसरीकडे उघडं असं काही नव्हतंच.

उकिडवे निघाले. फरहाना त्यांच्यामागून शटरपर्यंत आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे तिच्या पावलांवरून कळत होतं. उंबऱ्यापाशी ती एकदम थबकली.

“सर, तुमची पाठ,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“काही नाही.”

त्यांनी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. ते वाकून शटरखालून आत गेले. आत थंड होतं आणि ताकाचा जुना वास होता. मागे शटर खाली येऊ लागलं. पलीकडे ताम्हनकरने पुन्हा मोजणी सुरू केली होती. तिचा आवाज नीट ऐकू येत होता. एक. दोन. तीन.

पाठींच्या ओळीत कुठे बसायचं ते उकिडव्यांना कळेना. विनाकारण कुणाला सरकायला लावणं त्यांच्या जिवावर आलं. ते भिंतीला धरून तसेच उभे राहिले. एवढ्यात तिसऱ्या ओळीतल्या दोन पाठी, कुणीही मागे न पाहता, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरी अशा सरकल्या आणि मध्ये एकाची जागा झाली. पाठींमधून वाट काढत, प्रत्येकाची क्षमा मागत, ते तिथवर पोचले. बाहेरची मोजणी चाळिशीच्या पुढे गेली होती. शटर कमरेपर्यंत उतरलं होतं, त्याखालून येणारा उजेड जाजमावर पसरला होता.

जाजमावर कुणीतरी आधी बसून गेल्याचा खळगा होता. उकिडव्यांना डावा गुडघा दुमडता येत नाही. पंगतीत, बैठकीत, कुठेही ते उजव्या पायाची मांडी घालतात आणि डावा पाय पुढे लांब करतात, आणि त्याबद्दल शेजाऱ्याची माफी मागतात. जाजमावरच्या खळग्यात उजवीकडे मांडी होती. डावीकडे एक लांब, सरळ, टाचेपाशी खोल गेलेली खूण होती.

ते हळूच खाली बसले. मांडी मांडीच्या जागी गेली, पाय पायाच्या जागी. जाजम अजून गरम होतं.

शटर गुडघ्याएवढं राहिलं, मग वीतभर. मग अंधार झाला. शेजारच्या दोन्ही पाठी परत सरकून त्यांच्या दंडाला लागल्या.

“अडुसष्ट,” पलीकडे ताम्हनकर मोजत होती. “एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.”

मग तिने श्वास घेतल्याचा आवाज आला.